वीडरचं इंजिन मिसिंग मारतंय? कार्बोरेटर खोलण्याआधी काय बघायचं, आणि खोललाच तर कसा साफ करायचा

दिवाळीपासून शेडमध्ये उभा असलेला पॉवर वीडर मृगाच्या पावसानंतर बाहेर निघतो. चार-दोन वेळा दोरी ओढली की सुरूही होतो, पण रेस धरत नाही. वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. चोक (हवा कमी करणारी झडप) ओढून ठेवला तर चालतो, सोडला की बंद पडतो. अशा वेळी बहुतेक जण स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर, दिसतील ते दोन्ही स्क्रू फिरवून बघतात. त्यानंतर मूळ बिघाड कुठला आणि हाताने केलेला कुठला, हे सांगणं मेकॅनिकलाही कठीण जातं.

म्हणून इथे दिलेला क्रम मोडू नका. कार्बोरेटर यात मुद्दाम उशिरा येतो. आधीच्या तपासण्या तासाभरात होतात, आणि बऱ्याच वेळा काम तिथेच संपतं. कार्बोरेटर खोलायची वेळ आलीच, तर तो पूर्ण खोला. नुसती वाटी (कार्बोरेटरच्या तळाची, पेट्रोल साठणारी) काढून फुंकर मारली तर आठ दिवसांत तीच तक्रार परत येते.

हे कोणत्या इंजिनासाठी आहे

आडव्या शाफ्टचं, एक सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन, म्हणजे होंडा जीएक्स १६० किंवा जीएक्स २०० आणि त्याच घडणीची १६८एफ, १७०एफ अशा नावांनी मिळणारी इंजिनं. वीडर, पाण्याचा पंप, एचटीपी फवारणी यंत्र, छोटा जनरेटर या सगळ्यांवर हीच जात बसवलेली असते. लॉनमोअरचा शाफ्ट उभा असतो आणि जोडणी थोडी वेगळी असते, पण वाटी आणि फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) असलेला कार्बोरेटर असेल तर क्रम हाच.

खांद्यावरच्या ब्रश कटरला हा लेख लागू नाही. त्याच्या कार्बोरेटरला फ्लोट नसतो, पातळ पडदा असतो. तिथे आधी टाकीतला फिल्टर आणि पेट्रोलच्या नळ्या बघाव्या लागतात.

## १. तयारी

हत्यारं थोडीच लागतात: १० मिमीचा टी-पाना, २१ मिमीचा प्लग पाना, एक फुल्ली आणि दोन चपटे स्क्रू ड्रायव्हर (एक अगदी बारीक), नोज प्लायर, फिलर गेज. सोबत कार्ब क्लीनरचा स्प्रे, काचेची स्वच्छ बाटली, पांढरा ट्रे किंवा जुनी थाळी, सुती फडकं आणि डोळ्यांना चष्मा. चष्म्याचं कारण पुढे येईल. एक नवा प्लग आणि वाटीची रबर रिंग आधीच आणून ठेवा. जुनी रिंग पेट्रोलने फुगलेली असली तर परत खाचेत बसत नाही, आणि रविवारी संध्याकाळी ती मिळत नाही.

चपट्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक मेन जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याच्या) खाचेत नीट बसतंय ना, हे आधी बघा. पितळेचा जेट मऊ असतो. आखूड किंवा गोल झालेलं टोक घालून जोर लावला की खाच उडते आणि जेट आत अडकून बसतो.

काम उघड्यावर, सावलीत करा. इंजिन अर्धा तास थंड होऊ द्या. आसपास बिडी नको, चूल नको, गॅस नको. बादलीभर कोरडी वाळू हाताशी ठेवा. पाती किंवा ब्लेडजवळ हात जाणार असेल तर आधी प्लगची टोपी काढून बाजूला वळवून ठेवा. गिअर न्यूट्रलला आहे म्हणून प्लगची टोपी तशीच ठेवू नका.

> आधी ऑइल बघा. यंत्र सपाट जागेवर ठेवून ऑइलचं झाकण काढा. पातळी तोंडाच्या काठापर्यंत हवी. काठाच्या खाली गेली असेल तर भरा, कारण यातल्या बऱ्याच इंजिनांत ऑइल कमी झालं की करंट तोडणारा सेन्सर असतो. उताराच्या रानात तो मधूनच करंट तोडतो आणि लोक कार्बोरेटर खोलत बसतात. उलट, पातळी वाढलेली दिसली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन अजिबात सुरू करू नका. फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी) गळून पेट्रोल खाली उतरलेलं असतं. तसं असेल तर सरळ टप्पा ७ वर जा आणि शेवटी ऑइल बदला.

## २. चोकला विचारा

ही तपासणी फुकटची आहे आणि सगळ्यात जास्त सांगून जाते. इंजिन सुरू होत असेल तर चोक लावून सुरू करा, तीन-चार मिनिटं गरम होऊ द्या. मग चोक पूर्ण उघडा, काय होतं ते ऐका, आणि हळूहळू अर्ध्यापर्यंत बंद करत न्या.

अर्ध्या चोकवर रेस स्थिर झाली. इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठूनतरी फुकटची हवा आत येतेय. रेस वर-खाली होण्याचंही कारण हेच. पेट्रोल कमी पडलं की इंजिन दबतं, गव्हर्नर (रेस आपोआप सांभाळणारी यंत्रणा) थ्रॉटल उघडतो, रेस चढते, गव्हर्नर परत दाबतो. गव्हर्नर आपलं काम बरोबर करत असतो, त्याला दोष देऊ नका आणि त्याचा नट फिरवू नका. टप्पे ३, ४ आणि ६ नीट करा. तरीही फरक पडला नाही तर टप्पा ७.

चोक लावल्यावर आणखी बिघडलं, काळा धूर आला. पेट्रोल आधीच जास्त होतंय. एअर फिल्टर, अडकलेला चोक, गळणारी सुई, या क्रमाने बघा.

चोकने काहीच फरक पडला नाही, मिसिंग तसंच आहे. बहुधा करंटचा प्रश्न आहे. टप्पा ५ वर जा.

रिकामं छान चालतं, पाती जमिनीत घातली की दबतं. मेन जेट अर्धवट तुंबलेला, फिल्टर चोंदलेला, नाहीतर व्हॉल्व्हचं गॅप बिघडलेलं.

पाच-दहा मिनिटं चालून बंद पडतं, थोडं थांबलं की पुन्हा सुरू होतं. टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा. बंद पडणं थांबलं तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. धुळीने आणि वाळलेल्या चिखलाने ते बुजतंच. झाकण पेट्रोलने धुवा, फुंकून मोकळं करा, काम झालं. झाकण सैल करूनही गरम झाल्यावर बंद पडत असेल, तर बंद पडल्या पडल्या करंट तपासा. कॉइल गरम झाल्यावर हात टेकते, थंड झाली की पुन्हा चालते.

काय दिसलं ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पुढचं काम झाल्यावर हीच तपासणी पुन्हा करायची आहे.

## ३. पेट्रोल

मागच्या हंगामातलं पेट्रोल टाकीत असेल तर वाद घालू नका, काढून टाका. साधारण महिन्याभरानंतर पेट्रोलातला चटकन पेटणारा भाग उडायला लागतो. मागे राहतो तो चिकट थर, आणि तोच पुढे जेट बुजवतो.

आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. आपल्याकडे बहुतेक पंपांवर आज ई२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. यातल्या जुन्या इंजिनांच्या पुस्तिकेत मात्र १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा दिलेली असते. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. ओल मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. कार्बोरेटर तळातूनच पितो. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसाळी हवेत हे लवकर होतं.

तपासायचं असं. वाटीच्या बाजूला तिरका ड्रेन बोल्ट असतो, त्याखाली काचेची बाटली धरून बोल्ट सैल करा. थोडं पेट्रोल घ्या आणि बाटली पंधरा मिनिटं हलवू नका. मग उजेडात धरा. तळाशी वेगळा थर, गोलसर थेंब किंवा गढूळपणा दिसला तर पाणी आहे. पिवळटपणा वाढला असेल, आंबूस किंवा वार्निशसारखा वास असेल तर पेट्रोल शिळं आहे. शंका असेल तर शेजारी ताज्या पेट्रोलची बाटली ठेवून बघा, फरक लगेच कळतो.

> सावधान: जुन्या पेट्रोलात नवं मिसळून ते "संपवून टाकू" म्हणू नका. टाकीच्या तळाचं पाणी तसंच राहतं आणि साफ केलेल्या कार्बोरेटरमध्ये पहिल्याच दिवशी उतरतं. काढलेलं पेट्रोल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

## ४. टाकी ते वाटी: पेट्रोल पोचतंय का

आता कॉक (पेट्रोलची तोटी) चालू ठेवून, ड्रेन बोल्ट सैल करून धार बघा. मिनिटभर तरी धार सलग यायला हवी. आधी जोरात येऊन मग बारीक होत गेली, तर टाकीचं झाकण उघडा. उघडताच धार वाढली तर दोष झाकणाचा. तरीही बारीकच राहिली तर कचरा वाटेत आहे.

कचरा तीन जागी साठतो. टाकीच्या तळातली जाळी, नळी, आणि कॉकखालची छोटी गाळाची वाटी. ही तिसरी जागा निम्म्या लोकांना माहीत नसते. कॉक बंद करा, त्याखालची वाटी १० मिमीच्या पान्याने सोडवा (काही मॉडेलवर ती हातानेच फिरते), रबर रिंग सांभाळा. आत पाण्याचा थेंब आणि तांबूस गाळ सापडला तर टाकी आतून गंजतेय, कारण या इंजिनांची टाकी बहुधा पत्र्याची असते. मग टाकी काढून थोड्या पेट्रोलने दोन-तीनदा खंगाळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

नळी दाबून बघा. कडक झाली असेल, बोटाला काळं लागत असेल, वाकवल्यावर भेगा दिसत असतील तर बदला.

इथपर्यंत करून ताजं पेट्रोल भरा आणि टप्पा २ मधली चोकची तपासणी पुन्हा घ्या. सुधारलं असेल तर थांबा. काम करणारा कार्बोरेटर खोलण्याची हौस कशाला?

## ५. हवा आणि करंट

एअर फिल्टर. यात सहसा बाहेर फोम आणि आत कागदी फिल्टर असतो. फोम साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण सुकवा, इंजिन ऑइलचे थोडे थेंब टाकून पिळून काढा. ऑइल निथळत असेल तर जास्त झालं. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, हलका आपटून धूळ झाडा किंवा आतून बाहेर हवा मारा. तेलकट झाला असेल तर नवा घ्या. तपासण्यापुरतं इंजिन बिनफिल्टरचं अर्धा मिनिट चालवून बघायला हरकत नाही, पण शेतात नाही. कोरड्या मातीत बिनफिल्टरचं चालवलेलं इंजिन रिंगा खातं.

प्लग. काढून रंग बघा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर करंट नाही किंवा इंजिन ओव्हर झालंय. पांढुरका, खडूसारखा दिसला तर पेट्रोल कमी. काळा तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. जीएक्स १६० आणि २०० ला बीपीआर६ईएस प्लग लागतो आणि गॅप ०.७ ते ०.८ मिमी. दुकानदार "चालेल हा" म्हणून मोटरसायकलचा देतो तो घेऊ नका, चुडीची लांबी वेगळी असली तर पिस्टनवर आदळू शकतो.

करंट. प्लग काढून तोच इंजिनला टेकवून दोरी ओढण्याची आपल्याकडे सवय आहे. उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारीच ठिणगी पडते. त्यापेक्षा जुना प्लग जागेवरच राहू द्या. दुसरा प्लग टोपीत घालून त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला, सिलिंडरच्या वरच्या भागापासून दूर, मूठ प्लास्टिकची असलेल्या पकडीने धरा. स्विच चालू करून दोरी ओढा. निळी, टच्च आवाजाची ठिणगी हवी. पिवळी, अशक्त किंवा मधूनच गायब होणारी असेल तर आधी स्विचकडून येणारी बारीक वायर सोडवून पुन्हा बघा. ती कुठे घासून पत्र्याला लागलेली असली तर करंट तिथेच मरतो. वायर सोडल्यावर करंट सुधारला तर कॉइल चांगली आहे, वायर किंवा स्विच बदला. मात्र या अवस्थेत इंजिन सुरू करू नका, ते स्विचने बंद होणार नाही.

नवा प्लग हाताने पूर्ण बसवा आणि मग पान्याने अर्धा फेरा. जुना परत लावताना पाव फेऱ्याहून जास्त नको.

## ६. फुकटची हवा

कार्बोरेटर आणि हेड यांच्यामध्ये काळ्या रंगाचा जाड इन्सुलेटर असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना पॅकिंग. नट सैल झाले किंवा पॅकिंग फाटलं की तिथून हवा ओढली जाते आणि लक्षणं हुबेहूब तुंबलेल्या जेटसारखी दिसतात. आधी दोन्ही १० मिमीचे नट कसलेले आहेत का बघा. मग इंजिन कमी रेसवर चालू असताना त्या सांध्यावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर गळती सापडली. काही जण यासाठी कार्ब क्लीनरच मारतात. शेजारी तापलेला सायलेन्सर असताना ते करू नका.

## ७. कार्बोरेटर काढणं

इथे पहिली चूक हमखास होते. या घडणीत कॉक कार्बोरेटरवरच बसवलेला असतो. कॉक बंद केला म्हणजे पेट्रोल थांबलं असं समजून नळी ओढली की अख्खी टाकी पायावर रिकामी होते, कारण नळी कॉकच्या आधी येते. म्हणून टाकी रिकामी करा किंवा नळी पकडीने दाबून बांधा.

१. फिल्टर काढण्याआधी, आणि काढल्यावर थ्रॉटलच्या बाजूने, चार-पाच फोटो घ्या. गव्हर्नरची दांडी आणि तिच्यावरची केसासारखी स्प्रिंग कोणत्या भोकात आहे ते फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे.

२. फिल्टरचा डबा सोडवा, मागची ब्रीदरची नळी काढा.

३. कार्बोरेटर दोन्ही स्टडवरून सरळ बाहेर ओढा आणि थोडा तिरका करून दांडी आणि स्प्रिंग सोडवा. स्प्रिंग ओढून लांबवू नका. ती ताणली गेली तर रेस कायमची बिघडते.

४. पॅकिंग ज्या क्रमाने आणि ज्या बाजूने निघालं त्याच क्रमाने थाळीत मांडा. वरवर सारखी दिसली तरी त्यांची भोकं सारखी नसतात. उलटं लागलेलं पॅकिंग हवेची वाट बंद करतं.

## ८. पूर्ण खोलणं आणि साफ करणं

वाटीचा तळातला बोल्ट सोडवा, वॉशर आणि रबर रिंग बाजूला ठेवा. वाटीत काय आहे ते आधी बघा. तांबूस गाळ म्हणजे टाकीचा गंज. मधासारखा चिकट थर म्हणजे शिळं पेट्रोल. पांढरी भुकटी किंवा खडबडीत पापुद्रा म्हणजे पाणी बरेच दिवस साचून धातू खाल्ला गेलाय. हा पापुद्रा सुईच्या बैठकीपर्यंत गेला असेल तर वेळ घालवू नका, नवा कार्बोरेटर घ्या. या जातीचा साधा कार्बोरेटर सहसा हजार रुपयांच्या आत मिळतो.

फ्लोट आणि सुई. फ्लोटची पिन बोटाने ढकलून काढा, हातोडी नको. फ्लोट कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो गेला. सुईच्या टोकावर गोल खाच पडलेली दिसली तर सुई बदला. हीच सुई रात्रभर गळून ऑइलमध्ये पेट्रोल उतरवते.

मेन जेट. मधल्या खांबात खालून दिसतो. टोक नीट बसवून, वरून दाबून फिरवा. जेट निघाला की त्याच्या मागे भोकाभोकांची पितळी नळी असते. ती आपोआप खाली पडते, नाहीतर वरच्या तोंडातून काडीने हलकेच ढकला. नुसता जेट साफ करून ही नळी आत सोडणं ही नेहमीची चूक आहे. तिच्या बाजूची बारीक भोकं बुजलेली असली तर लोडवर इंजिन दबणारच.

पायलट जेट. रेस वर-खाली होण्याची तक्रार असेल तर दोषी बहुतेक वेळा हाच, आणि नेमका हाच सापडत नाही. तो खाली वाटीकडे नसून वर असतो. वरच्या बाजूला स्प्रिंग असलेला रेसचा स्क्रू दिसतो. तो किती बाहेर आहे ते मोजून पूर्ण काढा. त्याखाली काळ्या प्लास्टिकची छोटी टोपी दिसेल. बारीक स्क्रू ड्रायव्हरने तिला दोन्ही बाजूंनी आळीपाळीने उचला. टोपी, खाली रबर रिंग आणि टोकाला पितळेचा जेट, असा एकच तुकडा बाहेर येतो.

आता तो आभाळाकडे धरून एक डोळा मिटून आत बघा. मध्यभागी स्वच्छ, गोल, टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला पाहिजे. काहीच दिसलं नाही तर पूर्ण बुजलाय. अंधुक पिवळा ठिपका किंवा अर्धचंद्रासारखा उजेड दिसला तर कडेला थर आहे, आणि "फुंकलं, मोकळा आहे" म्हणून परत लावला जातो तो असाच जेट असतो.

साफ करताना स्टीलची तार, सुई, ड्रिल काहीही घालायचं नाही. जेटचं भोक हे मोजून पाडलेलं माप आहे, किंचित मोठं झालं तरी इंजिन कायम जास्त पेट्रोल पिणार. कार्ब क्लीनर मारून दहा मिनिटं भिजू द्या, मग दात घासायच्या ब्रशचा एक केस किंवा मऊ वायरमधली तांब्याची एक बारीक तार हळूच घाला. पुन्हा स्प्रे, मग हवा. आणि पुन्हा आभाळाकडे बघा.

मिश्रणाचा स्क्रू. काही कार्बोरेटरवर त्याला अडवणारी टोपी असते, असेल तर तोडू नका. मोकळा असेल तर आधी हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते लिहा, दीड, पावणेदोन, जे असेल ते. मगच काढा. आत बसल्यावर जोर दिला तर त्याच्या निमुळत्या टोकावर वळ पडतो आणि मग रेस कधीच नीट लागत नाही.

आतल्या वाटा. चष्मा लावा. स्प्रेची नळी पायलट जेटच्या भोकात धरून मारा, थ्रॉटलच्या पाकळीजवळच्या बारीक भोकांतून फवारा बाहेर आला पाहिजे. चोककडच्या तोंडाशी हवेची दोन छोटी भोकं असतात, त्यांतही मारा आणि दुसरीकडून निघतंय का बघा. एखादी वाट बंद असेल तर फवारा सरळ डोळ्याकडे उलटतो, चष्मा त्यासाठी. शेवटी हवा मारा. सायकलचा पंप चालतो. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरणार असाल तर फ्लोट आणि सुई आत असताना कधीही मारू नका.

> सावधान: रबर रिंगा, फ्लोट आणि प्लास्टिकचा पायलट जेट थिनरमध्ये टाकू नका. कार्ब क्लीनरही रबरावर नको. रिंगा काढून फक्त पुसा.

## ९. जोडणी

खोललं त्याच्या उलट क्रमाने: पितळी नळी, मेन जेट, मिश्रणाचा स्क्रू आधीच्याच फेऱ्यांवर, पायलट जेट पूर्ण दाबून, वर रेसचा स्क्रू, मग सुई फ्लोटमध्ये अडकवून दोन्ही एकत्र. पितळेवर जोर नको, बसला की पुरे.

वाटी लावण्याआधी कार्बोरेटर उलटा धरा आणि पेट्रोल येतं त्या नळकांड्याला स्वच्छ नळीचा तुकडा लावून हलकी फुंकर मारा (कॉक चालू ठेवून). उलटा असताना हवा जायला नको, सुलटा केल्यावर जायला हवी. उलट्यावरही हवा जात असेल तर सुई किंवा तिची बैठक खराब आहे, पुढे जाऊ नका.

वाटीचा बोल्ट बेताने कसा. पॅकिंग नवं असेल तर उत्तम. नट आळीपाळीने थोडे थोडे कसा. फोटो उघडून दांडी आणि स्प्रिंग त्याच भोकात घाला.

> सुरू करण्याआधी: इंजिन बंद असताना रेसचा दांडा "जास्त"वर न्या. थ्रॉटलची पाकळी पूर्ण उघडलेली दिसली पाहिजे, आणि बोटाने बंद करून सोडली की झटकन परत उघडली पाहिजे. अडकत असेल तर स्प्रिंग चुकीच्या जागी आहे किंवा दांडी घासतेय. सुरू झाल्या झाल्या रेस बेफाम चढली तर क्षणभरही थांबू नका, स्विच बंद करा.

## १०. सुरू करून रेस लावणं

ताजं पेट्रोल, कॉक चालू, एक मिनिट थांबा. कुठे थेंब दिसतोय का बघा, मगच दोरी ओढा. पाच मिनिटं गरम होऊ द्या, फिल्टर लावलेला असू द्या.

दांडा "कमी"वर आणा. मिश्रणाचा स्क्रू मोकळा असेल तर पाव-पाव फेरा दोन्हीकडे फिरवत, प्रत्येक वेळी थोडं थांबत, जिथे रेस सगळ्यात जास्त आणि एकसारखी वाटते तिथे सोडा. मग वरच्या स्क्रूने रेस खाली आणा. जीएक्स १६० ची कमी रेस साधारण १४०० आरपीएम असते. दांडा झटकन पुढे करा. न अडखळता चढली पाहिजे.

पूर्ण रेसची मर्यादा गव्हर्नर ठरवतो, ३६०० ते ३९०० आरपीएमच्या आसपास. "जरा ताकद वाढेल" म्हणून गव्हर्नरची स्प्रिंग पुढच्या भोकात टाकणाऱ्यांची इंजिनं मी कनेक्टिंग रॉड बाहेर आलेल्या अवस्थेत पाहिली आहेत.

## ११. तरीही सुधारलं नाही तर

व्हॉल्व्हचं गॅप. थंड इंजिनावर, पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना मोजायचं. जीएक्स १६० आणि २०० ला सहसा इनटेक ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२० मिमी. बाकीच्यांचं पुस्तिकेत बघा. गॅप संपलं की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि दोरी हलकी लागते.

फ्लायव्हीलची चावी (फ्लायव्हील शाफ्टवर जागच्या जागी धरणारा छोटा तुकडा). लॉनमोअरचं ब्लेड दगडावर किंवा नळाच्या पाइपवर आदळल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल तर कार्बोरेटर सोडा, आधी हीच बघा. चावी अर्धवट कापली गेली की करंट चुकीच्या वेळी पडतो. दोरी हाताला उलटा झटका देते, सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. वीडरवर मधे गिअर किंवा बेल्ट असल्याने हे क्वचित होतं.

सतत निळसर धूर येत असेल आणि ऑइल कमी होत असेल तर रिंगांचं काम आहे, ते मेकॅनिककडेच न्या. मात्र यंत्र आडवं केल्यानंतर एकदाच धूर आला तर घाबरू नका, ऑइल सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, जळून जाईल. आडवं करायचंच झालं तर कार्बोरेटरची बाजू वर ठेवा.

## १२. हंगाम संपल्यावर

टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, आणि त्यानंतर ड्रेन बोल्ट सोडून वाटीतलं उरलेलंही काढा. नुसतं बंद पडेपर्यंत चालवलं तर वाटीच्या तळाशी थोडं पेट्रोल राहतंच, आणि पायलट जेट बुजवायला तेवढं पुरतं. पत्र्याची टाकी आतून पुसून तेलाचा हात फिरवा. पुढच्या हंगामात पेट्रोल भरण्याआधी ते तेल थोड्या पेट्रोलने खंगाळून काढा.

पेट्रोल आणताना पाण्याची बाटली वापरू नका, झाकणबंद पेट्रोलचाच कॅन घ्या आणि टाकीत ओतताना जाळीचं नरसाळं लावा. पंधरा दिवसांत संपेल एवढंच आणा.